एफसी पिकअप घाटात बंद पडली – पेट्रोल हरिकेन इंजिनचं सामान कुठे मिळेल?

एफसीवाला_कराड | 3 जून, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. आमच्याकडे महिंद्राची एफसी पिकअप आहे, फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे केबिन इंजिनाच्या वरच असलेली, आरसीवर साल 1971. आजोबांनी गुळाच्या धंद्यासाठी घेतली, पुढे वडिलांनी चालवली, आता माझ्याकडे आहे. इंजिन मूळचंच, चार सिलिंडरचं पेट्रोल हरिकेन. डिझेल कधीच बसवलं नाही.

गेल्या रविवारी चिपळूणहून आंब्याच्या पेट्या घेऊन येत होतो. कुंभार्ली घाटाची शेवटची वळणं राहिली होती, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेहमीसारखी चढत होती आणि एकदम इंजिन बंद. धूर नाही, खडखड नाही, कुणी चावी फिरवावी तसं. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण फार मोकळं फिरतं, कुठे दाब लागतच नाही. क्रेनने कराडला आणली.

मिस्त्रींनी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं बदलून पाहिलं. पेट्रोलही येतंय. पण पकडत नाही. ते म्हणतात, खोलायला हवं, पण खोललं तर सामान मिळणार नाही, मग खोलून करायचं काय? कराड, सातारा, सांगली, तिन्हीकडची दुकानं पालथी घातली. ‘एफसीचं सामान’ म्हटलं की माणसं पुढचं ऐकूनच घेत नाहीत.

दरवर्षी आमच्या गावच्या दिंडीचा शिधा, तंबू, पातेली याच गाडीतून पंढरपूरला जातात. वडील गेले त्या वर्षीसुद्धा खंड पडला नाही. दिंडी निघायला तीन आठवडे आहेत. कुणाला काही माहीत असेल तर कृपा करून सांगा.

जुनाफिटर | 3 जून, रात्री 10:25

सामान शोधायच्या आधी काय गेलंय ते बघू. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही रोटरकडे, म्हणजे कॅपखालच्या फिरणाऱ्या तुकड्याकडे, बघत राहा. रोटर फिरतो का नाही, तेवढंच सांगा. बाकी कशाला हात लावू नका.

डोंगरवाट | 3 जून, रात्री 11:05

दादा, मनापासून सांगतो, या इंजिनच्या मागे लागू नका. माझ्या जीपचं पेट्रोल इंजिन मी बारा वर्षांपूर्वी उतरवलं आणि डिझेल बसवलं. सामान गल्लीबोळात मिळतं, ॲव्हरेज दुप्पट. पेट्रोलच्या आजच्या भावात हे इंजिन पोसणं कठीण आहे.

एफसीवाला_कराड | 4 जून, सकाळी 7:40

काका, पाहिलं. पंख्याचा पट्टा फिरतो, इंजिन फिरतं, पण रोटर जागचा हलत नाही. अजिबात नाही.

डोंगरवाट, तुमचं म्हणणं कळतं. पण घरात कुणाची तयारी नाही, माझीही नाही.

जुनाफिटर | 4 जून, सकाळी 8:15

मग झालं निदान. टायमिंग गिअर गेला. या इंजिनात कॅमशाफ्टचा, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, मोठा गिअर फायबरचा असतो, मधे लोखंडी हब आणि भोवती फायबरचे दात. आवाज कमी व्हावा म्हणून तसा केलेला. क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, छोटा गिअर पोलादी. वय झालं, ऑइलमध्ये उकळून उकळून फायबर ठिसूळ झालं की एक दात तुटतो, आणि मागोमाग पाच-सात दात साफ. क्रँक फिरतो, कॅम उभा राहतो. कॅमवरूनच ऑइल पंप आणि डिस्ट्रिब्युटर चालतो, म्हणून रोटर थांबला. तुमच्या मिस्त्रीने कॉइल बदलून काय होणार?

याच्यात घाबरण्यासारखं फार नाही. इंजिन उतरवायची गरज नाही. रेडिएटर काढा, पंखा काढा, क्रँकची पुली काढा, कव्हर उघडा, गिअर समोर दिसेल. एफसीला नाक नसल्यामुळे हात घालायला जागा कमी, वरचं सगळं काम केबिनमध्ये दोन सीटच्या मधलं झाकण काढून करावं लागतं, तेवढाच त्रास.

पण दोन गोष्टी नीट ऐका. एक, तुटलेले दात गेले कुठे? खाली ऑइलच्या टबात. तिथे तरंगणारी जाळी असते, तिच्यातून पंप ऑइल ओढतो. तुकडे त्या जाळीला चिकटले आणि तुम्ही नुसता गिअर बदलून गाडी चालू केलीत, तर ऑइल प्रेशर जाईल आणि क्रँकची बेअरिंगं खाल. टब उतरवायचाच. जाळी रॉकेलमध्ये धुवायची. दुसरं, गिअरवर ऑइल उडवणारी एक छोटी जेट पुढच्या बाजूला आहे, ती तारेने साफ करायची. कित्येक वेळा गिअर मरतो तो या जेटमध्ये काजळी बसल्यामुळे. नवीन गिअर टाकला आणि जेट तशीच ठेवली, तर दोन वर्षांत परत हेच.

ऑइल पंप मात्र काढू नका. काढलात तर डिस्ट्रिब्युटरची जुळणी जाते.

गिरगावकर | 4 जून, दुपारी 1:30

सामानाबद्दल मी सांगतो, कारण माझ्या 1962 च्या सीजे-थ्रीबी जीपचं पूर्ण इंजिन मी असंच गोळा केलेल्या तुकड्यांनी बांधलं आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक तुम्ही करताय ती ‘एफसीचं सामान’ मागण्याची. एफसी फार थोड्या राहिल्या. आजच्या दुकानदाराने ती गाडी पाहिलेलीसुद्धा नसते. पण तिच्या पोटातलं इंजिन तेच आहे जे पेट्रोल जीपला होतं. अमेरिकेच्या विलिस कंपनीने 1950 साली आणलेलं एफ-134, तेच हरिकेन. 134 म्हणजे घन इंच, आपल्या हिशोबात 2199 सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) तीन इंच एक सूत, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार इंच तीन सूत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘एफ’ म्हणजे इनटेकचे वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. हे हेड उंच असतं, म्हणूनच थ्रीबी जीपचं बॉनेट इतकं उंच करावं लागलं. दुकानात जाऊन ‘पेट्रोल जीप, हरिकेन, उंच बॉनेटवाली’ असं म्हणा. दुकानदार पन्नाशीच्या पुढचा असेल तर उठून माळ्यावर चढेल.

दुसरं, दुकानात नव्या मुलाशी बोलू नका. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये हा माल नाही. दुकानातल्या म्हाताऱ्या माणसाला भेटा, आणि दुपारी जा. सकाळी त्यांना वेळ नसतो.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची जुनी स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि शुक्रवारचा चोरबाजार. पुण्यात नाना पेठ. दिल्लीत काश्मिरी गेट नव्या-जुन्या मालासाठी, मायापुरी भंगारासाठी. हरियाणाच्या टोकाला मंडी डबवाली म्हणून गाव आहे, तिथे जीप बांधणाऱ्यांची रांगच आहे, लष्कराच्या लिलावातल्या जीप तिकडे खूप जातात. चेन्नईला पुदुपेट. मी या सगळीकडे गेलेलो नाही, डबवाली आणि पुदुपेटचा माल मला ट्रान्सपोर्टने आला आहे. पैसे पाठवायच्या आधी व्हिडिओ कॉलवर पार्टला पट्टी लावून बघायचा, हा माझा नियम.

मिशिगनवासी | 4 जून, रात्री 11:50

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे इथे 1952 ची विलिस पिकअप आहे, 118 इंच व्हीलबेसवाली, आणि तिच्यातही हेच एफ-134 आहे. ज्या टोलेडो शहरात विलिसचा कारखाना होता ते माझ्या घरापासून तासाभरावर आहे.

गेल्या वर्षी मी हेड गॅस्केटचा संच मागवला. इथल्याच दुकानातून, इथल्याच भावाने. पुडकं उघडलं तर आत छापलेलं, ‘मेड इन इंडिया’. मी ते पुडकं हातात घेऊन गॅरेजमध्ये बराच वेळ बसून होतो. अमेरिकेत हे इंजिन 1971 नंतर नव्या जीपमध्ये आलं नाही, आपल्याकडे मात्र ते पुढेही बनत राहिलं. त्यामुळे इथले जुन्या विलिसवाले बरेच भाग भारतातून आलेलेच वापरतात, आणि तुम्हाला मात्र कराडात मिळत नाहीत.

टायमिंग गिअरची जोडी इथे मिळते, फायबरची मिळते आणि ॲल्युमिनियमचीही. मी गणपतीला पुण्याला येतोय, बॅगेत आणू शकतो. तुमच्या वारीला मात्र उशीर होईल. कुरिअरने पाठवला तर कस्टम धरून किंमत जवळपास दुप्पट पडेल, तरी सांगा.

एफसीवाला_कराड | 5 जून, सकाळी 6:55

काय बोलू कळत नाही. सगळ्यांचे आभार. आज कव्हर उघडलं. काकांनी सांगितलं तसंच निघालं. मोठ्या गिअरचे नऊ दात मुळापासून गेलेत. उरलेल्या दातांवर नख मारलं तरी भुसा निघतो. तपकिरी रंगाचं, जळक्या लाकडासारखं दिसतं. टबाच्या जाळीवर तुकड्यांचा थर होता, चमच्याने खरवडून काढला. छोटा गिअर हाताला गुळगुळीत लागतो.

आणखी एक. मिस्त्री म्हणाले, आता उघडलंच आहे तर हेडही काढून वॉल्व्ह बघू, गाडी गेल्या वर्षीपासून एका सिलिंडरवर मिसिंग करत होती. सगळे बोल्ट काढले, पण हेड सुटत नाही. ते आता पहार लावायचं म्हणतायत.

जुनाफिटर | 5 जून, सकाळी 7:10

थांबा! पहार लावू नका!

कार्ब्युरेटर काढलाय का? काढला नसेल तर काढा आणि खाली भोकात बॅटरी मारून बघा. आत खोल एक बोल्ट आहे. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असतं, आणि हेडचा एक बोल्ट बरोबर कार्ब्युरेटरच्या खाली लपलेला असतो. पहार लावलीत तर हेड फुटेल. तो मिळाला नाही म्हणून फोडलेली हेडं मी भंगारात पाहिलीत. हेड सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्मीळ.

एफसीवाला_कराड | 5 जून, सकाळी 8:20

होता! बोल्ट तिथेच होता. काका, तुम्ही दहा मिनिटं उशिरा लिहिलं असतं तर आमचं हेड गेलं होतं. मिस्त्रींनी स्वतः सांगितलं, तुम्हाला नमस्कार कळवा.

हेड उतरलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह एका बाजूने जळून खाल्लेला, नखाएवढी खाच पडली आहे. बाकीचे घासून चालतील म्हणतात. पुशरॉड काचेवर लोळवून पाहिले, सगळे सरळ आहेत.

गिरगावकर | 5 जून, दुपारी 2:00

एक्झॉस्ट वॉल्व्हला सीट बघा, ती कडक धातूची वेगळी बसवलेली असते, ढिली नाही ना? आणि सीट आणि सिलिंडरच्या मधे ब्लॉकला केसासारखी चीर नाही ना, भिंग घेऊन बघा. या इंजिनात चीर गेली तर तिथेच जाते. ब्लॉक बदलावा लागला तर इंजिन नंबर बदलतो आणि आरटीओत नोंद करावी लागते, तो ताप वेगळा.

वॉल्व्हची दांडी साधारण तीन सुताची. कुणी दुसऱ्या गाडीचा वॉल्व्ह लेथवर मारून देतो म्हणाला तर इनटेकला एक वेळ चालेल, एक्झॉस्टला नको. एक्झॉस्टचा धातू वेगळा असतो, साधा घातलात तर वर्षभरात परत जळेल.

दातेचक्र | 5 जून, रात्री 9:15

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गिअर कटिंगचं काम करतो. हा गिअर बनवता येतो. फायबर म्हणजे आपण ज्याला हायलम म्हणतो तेच, रेझिनमध्ये दाबलेले थर, पण कापडाचं घ्यायचं, कागदाचं नाही. कागदाच्या हायलमचे दात धक्का खात नाहीत, सोलून निघतात. दात तिरके आहेत, म्हणून जुना गिअर निम्मा तरी शाबूत हवा, म्हणजे कोन मोजता येतो. तुमच्याकडे नऊ दात गेलेत म्हणजे बाकीचे आहेत, काम होईल.

छोटा गिअरही पाठवा. तो गुळगुळीत झालाय म्हणजे झिजलाय, नव्या गिअरला तो जुना लावला तर नवा खाऊन टाकेल. जोडी एकत्रच बदलावी. आणि हब तुमचाच वापरू, त्याला चिरा नसतील तर.

खरं सांगायचं तर, एकच नग बनवणं परवडत नाही, कटर लावायलाच अर्धा दिवस जातो. पाच-सहा जणांनी मिळून मागितले तर भाव निम्म्यावर येईल. आणि माल आणायला, कापायला मला पंधरा-वीस दिवस लागतील. वारी गाठणं अवघड आहे, खोटं आश्वासन देत नाही.

चिंचवडचा | 6 जून, सकाळी 10:30

डिझेल इंजिनाचा मुद्दा वर आला म्हणून लिहितो. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांपुढची, खासगी वापराची गाडी असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. माझ्या मोटारीची मी केली आहे. त्यात अट आहे की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे डिझेल बसवलं की ती वाट बंद. तुमची 1971 ची, मूळ इंजिनासकट, अशा गाड्या आता बोटांवर मोजण्याएवढ्या असतील.

मात्र व्हीए नंबरवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुमचं दिंडीचं सामान त्यात बसत नाही. तेव्हा घाई करू नका, विचार करून ठरवा. चालू नोंदणी वैध असेल तर तीच सांभाळा.

डोंगरवाट | 6 जून, दुपारी 12:45

हा मुद्दा मला माहीत नव्हता. माझं मत मी मागे घेतो. आणि एक कामाची गोष्ट सांगतो. पेट्रोल महागलं तेव्हा आमच्यासारख्या शेकडो लोकांनी ही इंजिनं उतरवली. ती गेली कुठे? सगळी वितळली नाहीत. माझं गोठ्यामागे ताडपत्रीखाली आहे, बारा वर्षं. आज संध्याकाळी उघडतो. गिअर चांगला असेल तर तुमचा.

डोंगरवाट | 6 जून, रात्री 8:30

उघडलं. वाईट वाटतं सांगायला, गिअरला आरपार चीर आहे. पण एक्झॉस्ट वॉल्व्ह चारही छान आहेत, मी ते उतरवायच्या आधी वर्षभरच नवे टाकले होते. उद्या एसटीच्या पार्सलने कराडला पाठवतो. पैसे नकोत.

एफसीवाला_कराड | 6 जून, रात्री 9:00

दादा, फार मोठं काम केलंत.

गिअरचं मात्र एक वाईट घडलं. काल घाईत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘विलिस जीप टायमिंग गिअर’ म्हणून मागवला होता, पुण्यातूनच, म्हणून आज हातात पडला. तो गिअर नाहीच. चेनचा स्प्रॉकेट आहे. परत घेणार नाही म्हणतात.

गिरगावकर | 6 जून, रात्री 9:40

तो दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा. तेव्हाच्या एल-134 इंजिनात टायमिंगला चेन होती. युद्धानंतर नागरी जीप आल्यावर काही काळाने चेन जाऊन गिअर आले. त्यामुळे ‘विलिस’ एवढंच म्हणून चालत नाही. गिअरवाल्या एल-134 चा टायमिंग गिअर तुम्हाला चालतो, चेनवाल्याचं काही चालत नाही. आणि एल-134 चं हेड गॅस्केट तर कुठल्याच काळातलं चालणार नाही, त्याच्या हेडमध्ये वॉल्व्हच नसतात.

यापुढे कुणी फोटो पाठवला तर तीन गोष्टी विचारा. दात तिरके आहेत का, मोठ्याचे दात छोट्याच्या बरोबर दुप्पट आहेत का, आणि मधलं भोक तुमच्या कॅमच्या नाकाएवढं आहे का. तिसरी गोष्ट व्हर्निअरने, पट्टीने नाही.

जळगावची_लेक | 8 जून, दुपारी 4:10

नमस्कार. मी इथे फक्त वाचायला येते, पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या वडिलांचं जळगावला मोटार स्पेअर पार्टचं दुकान होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली, दुकान बंद आहे. माळा अजून तसाच आहे, विकायचं मन होत नाही. वडील कुठल्याही जीपवाल्याला ‘थांबा, बघतो’ म्हणून वर चढायचे आणि हातात डबा घेऊनच उतरायचे, एवढं मला आठवतं.

आज सकाळी किल्ली घेऊन गेले. डब्यांवर त्यांच्या अक्षरात नावं आहेत. ‘पे. जीप – टा. गिअर – जोडी’ असं लिहिलेले दोन डबे मिळाले. आत मेणकागद, त्याला ग्रीस, आणि आत एक मोठा तपकिरी गिअर, एक छोटा लोखंडी. दात तिरके आहेत. छोट्याचे दात खडूने खूण करून मोजले, मग मोठ्याचे. बरोबर दुप्पट. भोक मोजायला माझ्याकडे व्हर्निअर नाही. शेजारच्या वेल्डिंगवाल्या दादांकडून उद्या आणते. कोणत्या बाजूने मोजायचं ते सांगाल का?

जुनाफिटर | 8 जून, दुपारी 4:35

ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार. असा माळा ठेवणारी माणसं होती म्हणून आमच्यासारख्यांचे हात चालले.

व्हर्निअरची वरची छोटी टोकं भोकाच्या आत घालून उघडायची, दोन-तीन दिशांनी मोजायचं, आणि चावीची खाच टाळायची. दुसरी गोष्ट, फायबर फार वर्षं पडून राहिलं की कधीकधी आतून चिरतं आणि वरून दिसत नाही. गिअर बोटावर हबमधून लटकवा आणि लाकडी पेन्सिलने कडेला हलकं टिचकी मारल्यासारखं मारा. टणक, स्वच्छ आवाज आला तर चांगला. भद्द आवाज आला तर चीर आहे. सगळ्या बाजूंनी मारून ऐका.

जळगावची_लेक | 9 जून, सकाळी 11:20

दोन्ही मोजले. कराडच्या दादांना माप खासगी निरोपात पाठवलं आहे, फोटोसकट. एका गिअरचा आवाज स्वच्छ आला. दुसऱ्याचा एका जागी दबका येतो, मला तरी तसं वाटलं. वेल्डिंगवाले दादाही तेच म्हणाले. तो मी पाठवणार नाही.

एफसीवाला_कराड | 9 जून, दुपारी 12:05

माप तंतोतंत जुळतं! ताई, किंमत सांगा, आत्ता पाठवतो.

जळगावची_लेक | 9 जून, दुपारी 12:30

डब्यावर वडिलांनी 85 रुपये लिहिलंय. तेवढेच पाठवा. ट्रान्सपोर्टचे वेगळे. दुसरी जोडी कोल्हापूरच्या दादांना हवी असेल तर नमुना म्हणून देते, पूर्ण गोल आहे, कोन आणि दात नीट मोजता येतील.

दातेचक्र | 9 जून, दुपारी 1:00

ताई, जरूर हवी. अखंड नमुना मिळाला की मी नकाशा काढून ठेवतो. ज्यांना हवेत त्यांनी इथे नावं टाका, सहा झाले की काम धरतो.

जुनाफिटर | 9 जून, दुपारी 2:15

आता बसवायचं कसं ते वाचा, नाहीतर एवढं मिळवलेलं वाया जाईल.

गिअर हातोड्याने ठोकून बसवायचा नाही. कॅम मागे सरकतो आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूची टोपी, वेल्श प्लग, उडवतो. मग तिथून ऑइल गळतं आणि ते बंद करायला गिअरबॉक्स, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. गिअरचा हब थोडा गरम पाण्यात कोमट करा, चावी बसवा, आणि पुढच्या बोल्टने हळूहळू ओढत आत घ्या. एक नंबरचा पिस्टन वर आणा. दोन्ही गिअरवर ठिपक्याची खूण असते, दोन ठिपके एकमेकांसमोर आले पाहिजेत. एका दाताचा फरक पडला तरी गाडी चालू होईल पण घाटात दम टाकेल. बसवल्यावर हाताने हँडल मारून दोन पूर्ण फेरे द्या आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा, मगच कव्हर लावा.

हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन वेळा फिरून, 60 ते 70 फूट-पाउंड. लपलेला बोल्ट विसरू नका. टॅपेटची (वॉल्व्हची) फट थंड इंजिनवर, इनटेक 18 थाउ, एक्झॉस्ट 16 थाउ; थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडरच्या फायरिंगचा क्रम 1-3-4-2.

एफसीवाला_कराड | 27 जून, रात्री 10:40

बरेच दिवस लिहिता आलं नाही, क्षमा असावी. ट्रान्सपोर्टचं पार्सल चुकून सोलापूरला गेलं, दहा दिवसांनी हातात आलं. तोवर दिंडी निघाली. सामान दुसऱ्या टेम्पोतून गेलं. पाटीवर दरवर्षी वडील हार घालायचे, या वर्षी मी शेडमध्ये उभ्या गाडीलाच घातला.

वॉल्व्ह घासून झाले, डोंगरवाट दादांचा वॉल्व्ह तिसऱ्या सिलिंडरला बसला. चीर कुठेही नाही, भिंगाने दोनदा पाहिलं. ऑइलची जेट जवळजवळ पूर्ण बंद होती, सुईसुद्धा जाईना, गिटारच्या तारेने साफ केली. काका म्हणाले तसंच, मूळ आजार तिथे होता.

मिशिगनवासी | 28 जून, पहाटे 4:30

जेटबद्दल वाचून मी आज माझ्याही गाडीचं कव्हर उघडलं. माझीही अर्धी बंद होती. गिअर अजून ठीक आहे. काका, तुमच्यामुळे माझा वाचला. दातेचक्र, माझं नाव यादीत टाका, गणपतीत कोल्हापूरला येऊन घेऊन जाईन.

एफसीवाला_कराड | 11 जुलै, रात्री 11:30

गाडी 5 तारखेला सकाळी चालू झाली. तिसऱ्या सेल्फला. आधी थोडी खोकली, मग चारही सिलिंडर एका सुरात. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. मिस्त्री ऑइल प्रेशरच्या काट्यावरून नजर काढत नव्हते.

जाताना गाडी नव्हती, पण परत आणायला होती. काल गोपाळकाला झाल्यावर पंढरपूरहून दिंडीचं सगळं सामान आणि पाच म्हातारी माणसं घेऊन विट्यावरून आज संध्याकाळी घरी पोचलो. वाटेत तीनदा थांबून ऑइल तपासलं. गळती नाही. चढावर मिसिंग नाही.

ताई, तुमच्या वडिलांचा डबा मी फेकलेला नाही. त्यांच्या अक्षरातलं झाकण काढून गाडीत काचेखाली लावलं आहे. फोटो उद्या टाकतो.

जळगावची_लेक | 12 जुलै, सकाळी 7:15

फोटोची वाट बघते. आज परत माळ्यावर चाललेय. ‘पे. जीप’ लिहिलेले अजून चौदा डबे आहेत. एकेक उघडून इथे लिहीत जाईन, काय आहे ते तुम्ही सगळे मला सांगा. पहिल्या डब्यावर लिहिलंय ‘रॉ. शाफ्ट’, आत एक लांब पोकळ नळी आहे, तिला बाजूने छोटी भोकं आहेत.

जुनाफिटर | 12 जुलै, सकाळी 7:25

रॉकर शाफ्ट आहे ताई. जपून ठेवा, त्याला विचारणारे दहा जण येतील. भोकं बंद नाहीत ना, तेवढं फुंकून बघा.